एकदांडीचा पाला, हासलीची चांदी

११ नोव्हेंबर २००६

प्रयोगाचं रजिस्टर कॉलेजात आहे. त्यात तापमान, वेळ आणि रंग, एवढंच. भुजंग सर म्हणाले, "राठोड सर, अजून एक वही ठेवा. रजिस्टरात लिहिता येत न्हाई ते तिच्यात लिहा, म्हंजी डोकं रिकामं राहील." भुजंग सर रसायनशास्त्र शिकवतात. त्यांचा भाऊ अजून मेंढरं राखतो. आख्ख्या स्टाफरूममध्ये तोंडावर खरं बोलणारा हा एकच माणूस. म्हणून ही वही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. कॉलेज विनाअनुदानित, सेनगावच्या बाहेर, दोन खोल्यांची प्रयोगशाळा आणि एक सूक्ष्मदर्शक, तोही एका डोळ्याचा. राहायला आमच्या तांड्यावरच आहे, रोज नऊ किलोमीटर जीपने. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, पण लिहायचा हात मराठीचा, तेव्हा याडी आणि बा या वहीत मराठीच बोलतील. आईला आमच्यात याडी म्हणतात.

गेल्या आठवड्यात विद्यापीठात चर्चासत्र होतं. पुण्याच्या एका बाईंनी पडद्यावर दाखवलं: झाडाच्या पानांचा काढा चांदीच्या क्षाराच्या पाण्यात टाकला की चांदीचे कण तयार होतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर बसतील. त्यांनी जंतू मरतात. भट्टी नको, विषारी रसायन नको, धूर नको, पान पुरे. पुढे म्हणाल्या, उद्या झाडं औषधी प्रथिनंही बनवतील, तंबाखूच्या पानात लस पिकवता येईल. मागच्या रांगेतले दोघं हसले. मी हसलो नाही. मला आमचा बांध आठवत होता. बांधावर एकदांडी माजलेली असते, कुणी तिला विचारत नाही. लहानपणी पायाला लागलं की याडी तिचाच पाला चोळून रस पिळायची. चार दिवसांत खपली धरायची.

२४ नोव्हेंबर

आज रंग आला.

सिल्व्हर नायट्रेटची बाटली भुजंग सरांच्या कपाटात, पाव भरलेली. त्यांनी कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः तासावर निघून गेले, म्हणजे विचारलं तर माहीत नाही म्हणता येईल. एकदांडीचा काढा गाळून थेंबथेंब टाकला. अर्धा तास काही नाही. मी खिडकीतून पोरांचं क्रिकेट बघत उभा राहिलो. वळून बघतो तर चंचुपात्रात बिनदुधाचा चहा. मी एकटाच होतो, म्हणून कुणाला सांगावं ते कळेना. शेवटी शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, "चहाच करायचा तर साखर हाय माझ्याजवळ."

बोटं काळी पडली आहेत. चांदीचा डाग कातडीवर बसतो, साबणाने जात नाही. शिला, माझी बायको, तांड्यावरची अंगणवाडी चालवते. तिथल्या लेकरांनी विचारलं म्हणे, सरांनी मेहंदी काहून लावली.

९ डिसेंबर

लोडशेडिंग बारा तासांचं. जंतू वाढवायच्या काचेच्या बशा गोणपाटात गुंडाळून याडीच्या चुलीमागे ठेवल्या. तिने विचारलं यात काय आहे. म्हटलं जंतू. म्हणाली, "मग चुलीत घाल की." सकाळी उघडून पाहिल्या. सगळीकडे पांढरट थर, आणि जिथे आपला थेंब पडला तिथे स्वच्छ गोल, बांगडीएवढा. शिलाला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "खरंच की." शिला अशी सहज काही बोलत नाही.

२ जानेवारी २००७

भुजंग सरांच्या भावाच्या मेंढीचं खूर सडलं होतं. तीन आठवडे रोज द्रावणाची पट्टी बांधली. आज ती कळपाबरोबर चरायला गेली. भावाला मधे भीती वाटली होती, कारण जखमेभोवती कातडी काळी पडली. मी त्याला सांगितलं, काळं म्हणजे चांदी चढली, घाबरायचं नाही. आणि तसंच झालं.

प्रकल्पाचा प्रस्ताव लिहायला घेतला. शीर्षकात 'शाश्वत' हा शब्द घातला आहे, हल्ली तो लागतो. पण माझ्या बाबतीत तो खोटाही नाही. एकदांडीसाठी डोंगर बोडका करावा लागत नाही. फक्त तणनाशक न मारलेला बांध शोधावा लागतो, आणि तेच आता अवघड झालंय. सोयाबीनवाले बांधसुद्धा फवारून टाकतात. आमच्या शिवारात आमचा आणि आणखी एक, असे दोनच हिरवे बांध उरले.

मी या जागेपर्यंत स्वतःच्या पायावर आलो. औरंगाबादला एम.एस्सी. केलं ते स्कॉलरशिपवर. तिचे पैसे परीक्षा झाल्यावर यायचे ही गोष्ट वेगळी. मधल्या महिन्यांत मेसचे पैसे याडी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवायची, शेळी विकली म्हणून निरोप असायचा. पण कुणापुढे हात पसरला नाही.

१९ जानेवारी

बाच्या पायात तुरीचा खुंट घुसला आहे. आठ दिवस झाले म्हणे. त्याने सांगितलंच नाही, कारण त्याला कळलंच नाही. चप्पल ओली लागली म्हणून पाहिलं तर रक्त. सेनगावच्या डॉक्टरने रक्त तपासलं, साखर चारशेच्या वर. गोळ्या दिल्या. म्हणाला, "पाय नांदेडला दाखवा. वेळ घालवू नका."

बा जीपने घरी आला, ओट्यावर बसला. मग म्हणाला, "नांदेडला पाय कापत्यात. रामसिंगचा कापला, तो परत आला का? मी जाणार न्हाई." मी काहीतरी समजावू लागलो. त्याने मला थांबवलं. "तू त्या मेंढीचं खूर बरं केलंस ना? मग माझा पाय काहून न्हाई?"

मला बरं वाटलं हे इथे लिहून ठेवतो. बा मला कधी काही विचारत नाही. चार माणसांत "आमचा संतोष प्रोफेसर हाय" एवढंच सांगतो.

४ फेब्रुवारी

सतरा दिवस. जखमेची कड गुलाबी झाली, पू कमी. याडी रोज सकाळी पाला आणते, दव सुकल्यावर, खालची दोन पानं सोडून. मी सांगितलेलं नाही, तिची पद्धत आहे. बा ओट्यावर पाय पसरून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

शिला म्हणते, "गुण येऊन राहिला तर चांगलंच हाय. पण एकदा नांदेडला दाखवून आणू, औषध तुमचंच चालू ठेवा." मी म्हटलं, तिथले डॉक्टर पहिल्यांदा माझी पट्टी कचऱ्यात टाकतील. ती म्हणाली, "टाकू द्या की. पाय बाचा हाय, पट्टी तुमची."

रागाने मी जेवलो नाही. आता लिहिताना कळतंय की तिने बरोबर जागी बोट ठेवलं. बा बरा व्हावा, की माझ्या द्रावणाने बरा व्हावा, यातलं मला जास्त काय हवं आहे ते मला आज सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी

बाटली संपली. प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, नवी खरेदी एप्रिलनंतर, आणि रसायनशास्त्राच्या बाटलीत वनस्पतिशास्त्राचा हात कसा गेला ते आधी लेखी द्या. दुकानातली बाटली घ्यायची तर पगार डिसेंबरपासून झालेला नाही. भुजंग सर म्हणाले, नांदेडच्या ओळखीच्या प्रयोगशाळेतून थोडी मागवतो, दोन-तीन आठवडे लागतील. जखम दोन-तीन आठवडे थांबेल का?

१४ फेब्रुवारी

बाला सांगितलं, औषध संपलं, चांदी हवी. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवली की तोच क्षार मिळतो, हेही सांगितलं. नुसतं समजावं म्हणून सांगितलं होतं.

बाने ओट्यावरूनच याडीला हाक मारली. "जिवने, तुजी हासली दे लेकराला."

ओट्यावर तेव्हा तांड्यातली चार माणसं होती. बा त्यांना याडीच्या गळ्यातल्या त्या चांदीच्या कड्याची, हासलीची गोष्ट सांगू लागला, जी सगळ्यांना पाठ आहे. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून घाटाखाली जायचा, त्या लदेणीच्या राणीछाप रुपयांची ही हासली, अशी चांदी आता बघायला मिळत नाही. "बापजाद्यांची चांदी माज्या पायाला लागल. दुसऱ्या कुनाच्या पायाला लागली का?" सगळे हसले.

याडी दारात उभी होती. म्हणाली, "पाल्यातच गुण हाय. चांदीचं काय एवढं." बा म्हणाला, "तुला जास्त कळतं का पोरापेक्षा?" ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मला वाटलं रुसली. संगिताच्या लग्नातही तिने हासली दिली नव्हती, माझी बहीण अजून त्यावरून बोलते. एवढा जीव त्या दागिन्यावर. ती रोज राख आणि चिंच लावून स्वतः घासते, शिलालासुद्धा हात लावू देत नाही.

शेवटी बाहेर आली आणि हासली माझ्या हातात ठेवली. गळ्याभोवती हिरवट वळ होता. इतकी वर्षं घामात राहिल्यावर येणारच. केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या तेवढ्या राहिल्या, कानांवर लोंबणाऱ्या. त्या कुणी मागितल्या नाहीत आणि मागणारही नाही. नवरा असेतो त्या उतरत नाहीत.

माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "संतोष, ही न्हाई घातली तर चालत न्हाई का?" मी म्हटलं, याडी, बापेक्षा हासली मोठी आहे का? मी जरा टाकून बोललो.

१५ फेब्रुवारी

भुजंग सरांना हासली दाखवली. त्यांनी हातात तोलली, उलटीपालटी केली. "सर, आधी सोनाराकडून कस लावून घ्या. न्हाईतर विरघळल्यावर मिठाचा खडा टाका. दह्यावानी फाटलं तर चांदी."

मी त्यांना सांगितलं, आमच्यात बाईच्या अंगावरच्या चांदीला घरातलं माणूस कस लावत नाही. कस लावायचा म्हणजे तिला चोर म्हणायचं. लग्न मोडायच्या वेळी लावतात, पंच बसवून. ते म्हणाले, "तुमी शास्त्राचे का तांड्याचे?" मी म्हटलं, दोन्हीचा. ते हसले नाहीत.

१६ फेब्रुवारी, शिवरात्र

सुट्टी. भुजंग सर औंढ्याला दर्शनाला गेले. कॉलेजात मी एकटा. करवतीने हासली अर्धी कापली. कापताना वाईट वाटलं. आम्लात टाकली, तांबूस धूर निघाला, दार उघडून बाहेर येऊन बसलो.

पाणी हिरवं झालं. निळसर हिरवं. चांदीत तांब्याचा टाका असतोच, जुन्या काळी जास्त घालत असतील. सोडा घालून आम्ल मारलं, गाळलं. मिठाची पुडी टेबलावर होती. खडा टाकला असता तर तेवढी चांदी वाया गेली असती, म्हणून टाकला नाही.

खरं लिहितो. चांदी वाया जाईल म्हणून नाही. तो खडा टाकणं म्हणजे कस लावणंच होतं.

१८ फेब्रुवारी

एकदांडीचा काढा घातला. रंग तपकिरी आला, लगेच. पूर्वी अर्धा तास लागायचा. काढा या वेळी दाट होता म्हणून असेल. बशांवर तपासून मग लावायचं असा नियम मीच केला होता, पण जंतू वाढवायचं मिश्रण संपलंय, वीज नाही, आणि पट्टी बदलून पाच दिवस झालेत. बाने विचारलं, "झाली का माजी हासली पातळ?" आज पहिली पट्टी बांधली. चुरचुरतं म्हणाला. म्हटलं, म्हणजे लागू पडतंय.

२५ फेब्रुवारी

अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं आहे. याडी घाबरली. मी माझी बोटं तिच्यापुढे धरली, नोव्हेंबरचे डाग अजून नखाशी आहेत. मेंढीची गोष्ट सांगितली. चांदी चढली, म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पर ती चांदी…" आणि बाकडे बघून थांबली. बा म्हणाला, "राणीछाप हाय ती, चढनारच."

१ मार्च

बाचं दुखणं थांबलं. कालपर्यंत रात्री कण्हायचा, आज पाय दाबला तरी काही नाही म्हणतो. मी शिलाला म्हटलं, बघ. ती म्हणाली, "वास येऊन राहिला, तुमाला येत न्हाई का?" एकदांडीला तसा उग्र वास असतोच. "हा पाल्याचा वास न्हाई," म्हणाली, "माझ्या बापाच्या टायमाला मी हाच वास घेतलाय." उद्या जीप सांगते म्हणाली. मी म्हटलं, होळी होऊ दे. बाला होळीआधी तांड्याबाहेर न्यायचं म्हणजे त्याला बेडी घालून न्यावं लागेल.

४ मार्च

काल होळी. वीस वर्षं बा आमच्या तांड्याची लेंगी उचलतो. तो पहिला सूर लावतो, मग बाकीचे नाचतात. काल त्याला दोघांनी धरून उभा केला. पहिली ओळ म्हटली, दुसऱ्या ओळीला आवाज गेला. लोकांना वाटलं भरून आलं. त्याचं अंग भट्टीसारखं तापलं होतं.

आज सकाळी पट्टी सोडली. काळं घोट्यापर्यंत आलंय. कडेला फोड आहेत, हिरवट पाण्याचे. हे मेंढीला झालं नव्हतं.

रजिस्टरात काय लिहू? रंग: काळा.

६ मार्च, नांदेड

डॉक्टर तरुण आहे, माझ्यापेक्षा लहान. पाय बघून त्याने विचारलं, "हे काय लावलं?" मी नॅनो कणांचं सांगायला लागलो. तो दोन मिनिटं ऐकत होता. मग म्हणाला, "सर, हे सगळं होईल एक दिवस. पण यांना महिनाभर आधी आणायला हवं होतं." रागावला असता तर बरं झालं असतं.

गुडघ्याच्या वरून कापायचं. कागदावर सही माझी.

याडी वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली आहे. पदराने गळा झाकून घेते.

८ मार्च

कापला. बा शुद्धीवर आला तेव्हा पायाबद्दल काहीच बोलला नाही. चादरीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हासली समदी लागली का?" म्हटलं, अर्धी आहे. "मग ठेव ती. जिवनीला परत जोडून दे." मी हो म्हटलं.

१४ मार्च

काल पहाटे बा गेला. विष रक्तात गेलं होतं. आज तांड्यावर आणला, दुपारी झालं सगळं. बायकांनी याडीच्या केसांतल्या घुगऱ्या सोडल्या. इतक्या वर्षांचे केस त्यांच्या कड्यांत गुंतलेले, कात्री घ्यावी लागली. ती रडली नाही. त्या सोडवताना मान मात्र पुढे केली, लहान पोरीची वेणी घालतात तशी.

मला रडू आलं ते अंधारात, जीपमागे. मला कुणीही काही बोललं नाही. तांड्यातले म्हणतात, प्रोफेसरने खूप केलं. मी त्यांना हे म्हणू देतो आहे.

२७ मार्च

आज कॉलेजात गेलो. त्या दिवशीची हिरवी बाटली कपाटात तशीच होती. थोडं द्रावण परीक्षानळीत घेतलं, मिठाचा खडा टाकला. हलवलं. खडा विरघळला आणि पाणी हिरवंच राहिलं. परत केलं. परत हिरवं.

भुजंग सर मागे येऊन उभे होते. बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली, खाली ठेवली. "निकेल असल," म्हणाले. "जर्मन सिल्वर. तांबं, जस्त आन् निकेल. चांदीचा वाससुद्धा न्हाई." मग म्हणाले, "तरी पाय वाचला असताच असं न्हाई, सर." त्यांनी हे माझ्यासाठी म्हटलं हे मला कळतं. पण त्यांनी कस लावायला सांगितला होता हे ते बोलले नाहीत, तेच दिवसभर कानात आहे.

घरी येताना सगळी वाट मी याडीवर चिडलेला होतो. तिला माहीत होतं. हातात देताना माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर? दारात पाऊल टाकलं तर ती तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसली होती, गळा उघडा. हिरवा वळ जात चाललाय. तिला वळसा घालून आत गेलो. शिलाला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "बासमोर कशी बोलल ती? चार मानसं व्हती." मी म्हटलं, चांदी गेली कुठे मग? शिलाने माझ्याकडे पाहिलं, काही बोलणार होती, आणि पाणी आणायला निघून गेली.

९ एप्रिल

सकाळी याडीने फडक्यात बांधलेल्या घुगऱ्या माझ्यापुढे ठेवल्या. "सोनाराकडं घेऊन जा. कस लावून आन." मी म्हटलं, राहू दे याडी. "जा," म्हणाली.

सेनगावच्या सोनाराने घुगरी कसोटीवर ओढली, थेंब टाकला, आणि चष्मा वर केला. "राठोड सर, ही राणीछाप रुपयाची चांदी हाय. अशी आता न्हाई येत. इकायची का?" नाही म्हटलं. मग मी उरलेली अर्धी हासली काढली. त्याने घासायचीसुद्धा तसदी घेतली नाही. "हे गिलिटाचं काम. असले दागिने चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराला जत्रेत लई आले. असली चांदी द्यायची, हुबेहूब तसलं घेऊन घालायचं, घरात कळत न्हाई. तुमच्या तांड्यातल्या पाच-सात बाया आल्या असतील माज्याकडंच." कोण कोण, ते मी विचारलं नाही. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवला मी औरंगाबादला होतो, त्यामुळे घरात तेव्हा काय चाललं होतं ते मला माहीत नाही.

परत आलो तर ती बाच्या जागी ओट्यावर बसली होती. समोर सुपात एकदांडीचा पाला, सवयीने खुडून आणलेला. उद्या कुणासाठी, ते तिलाही माहीत नसावं.

"काय म्हनला सोनार?"

"असली आहे म्हणाला."

"व्हय. तेवढी न्हाई दिली मी. बाकीची गेली. ही तुज्या बापाच्या नावाची व्हती."

मी तिच्याशेजारी बसलो. आणि मला राहवलं नाही, मी विचारलं. म्हटलं, याडी, मग तेव्हा हीच का नाही दिलीस? यातली एक घुगरी दिली असती तरी महिनाभर पुरली असती.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी अजून शाळेत जायचा आहे.

"तो जिता असताना कशी काढू?" म्हणाली.

मग सुपातला पाला दोन्ही हातांनी एका बाजूला सारला, फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "आता निघाली हाय. आता लागती का तुला?"

मी म्हटलं, नाही.